काकांचं नाक

घर भाड्याने देण्याआधी काकांनी आमचा वास घेतला होता.

हे मी गमतीने सांगत नाही. फरीदाबादच्या त्या सेक्टरमध्ये आम्ही नवरा-बायको वरची खोली बघायला गेलो, तेव्हा दार उघडणाऱ्या गृहस्थांनी या-बसा काही म्हटलं नाही. दारातच उभं राहून डोळे मिटले, एक लांब श्वास आत ओढला आणि माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आफ्टरशेव्ह."

नवरा गोंधळून "हो" म्हणाला.

"ते बंद करावं लागेल. बाकी काही हरकत नाही. सामान कधी आणताय?"

दिल्लीच्या आसपास घर शोधणं म्हणजे काय असतं, हे तोवर आम्हाला पुरतं कळून चुकलं होतं. इतर मालक काय खाता ते विचारायचे. मराठी मालक आडनाव विचारायचे, ते ऐकून थोडा वेळ पंख्याकडे बघायचे आणि मग त्यांना आठवायचं की ही खोली भाच्याला द्यायची कबूल केली आहे. आम्ही नागपूरचे, बौद्ध. पंख्याकडे बघणारे इतके पाहिले होते की रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. हा माणूसही मराठीच, पण याने आडनाव विचारलंच नाही. पुढे केव्हातरी त्यांना ते कळलं, पण त्यांच्या वागण्यात काडीचा फरक पडला नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, वास असलेल्या आणि वास नसलेल्या. आडनाव दुसऱ्या प्रकारात मोडत असावं. मी तेव्हापासूनच त्यांच्या बाजूची झाले.

काका रबरी नळ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. झाले म्हणजे केले गेले होते. गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला लागणाऱ्या नळ्या तिथे बनायच्या आणि काका तपासणी खात्यात होते. नळीत पेट्रोल भरून ठेवायचं आणि ते तिच्या अंगातून बाहेर झिरपतं का ते पाहायचं, हे त्यांचं काम. पाहायचं म्हणजे काका हुंगायचे. पुढे देशाची दारं उघडली, कारखान्यात परदेशी भागीदार आले आणि त्यांच्याबरोबर काचेच्या पेटीतलं एक यंत्र आलं. काकांच्या हातात पुष्पगुच्छ ठेवून त्यांना घरी पाठवलं गेलं. यंत्र आपल्यापेक्षा बरोबर सांगतं, हे काका स्वतःच कबूल करायचे. "पण त्याला सर्दी होत नाही. मग त्यात त्याचा मोठेपणा काय?" असंही वर विचारायचे.

कारखान्याला नाक नकोसं झालं म्हणून काकांनी ते कॉलनीला देऊन टाकलं. कॉलनीने मागितलं नव्हतं.

रोज सकाळी ते गच्चीच्या नळाशी उभे राहून पितळी झारीने एका नाकपुडीत पाणी घालायचे आणि दुसरीतून काढायचे. त्या वेळी होणारा आवाज ऐकून मला पहिले काही दिवस वाटलं, घरात म्हैस आहे. मग स्वेटर, मफलर, हात पाठीमागे, अशी स्वारी रस्त्यावर निघायची. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी थांबायची, पेट्रोलच्या झाकणापाशी वाकायची, श्वास घ्यायची आणि पुढे जायची. कॉलनीत त्यांना 'सूँघनेवाले अंकल' म्हणत. शहरात तेव्हा चकचकीत नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या, पण आमच्या सेक्टरला त्या अजून परवडत नव्हत्या. आमच्याकडे सगळ्यांच्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं आत साचायचा आणि झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा लोखंडी पाइप गंजायचा. काका त्याला गाडीची मान म्हणायचे. ही मान टाकीला एका आखूड रबरी नळीने जोडलेली असते. ती नळी म्हातारी झाली की तिला भेगा पडतात आणि पेट्रोल पाझरू लागतं. मालकाला पत्ता नसतो. काकांना असायचा.

मग ते सरळ मालकाची बेल वाजवायचे.

"आपकी गाड़ी रो रही है."

समोरचे सरदारजी एकदा दात घासता घासता बाहेर आले होते. म्हणाले, "रोने दो अंकल जी. सवेरे सवेरे मैं भी तो रोता हूँ." तरी काका हलले नाहीत. संध्याकाळी सरदारजींची गाडी रस्त्याच्या कडेला मोकळ्यावर उभी होती, बॅटरीची तार काढलेली, टाकी रिकामी केलेली, आणि काका पोत्यावर आडवे झालेले. सरदारजी स्वतः टॉर्च धरून उभे होते.

मेकॅनिक लोक जुनी नळी ओढून काढतात. काका कधीही ओढायचे नाहीत. ओढलं की गंजलेली मान मोडते, म्हणून ते नळीला ब्लेडने उभा छेद द्यायचे आणि शेंग सोलावी तशी ती सोलून काढायचे. नवी नळी बसवण्याआधी मात्र एक विधी असायचा. सोललेली नळी दोन्ही हातांनी उघडून ते मालकाच्या नाकासमोर धरायचे. "बाहर से मत देखिए. अंदर देखिए." बाहेरून धडधाकट दिसणारं रबर आतून वाळलेल्या तळ्यासारखं फुटलेलं असायचं. ते पाहिल्याशिवाय मालकाची सुटका नव्हती. बँकेतले एक साहेब "हां हां, ठीक है" म्हणून जाऊ लागले, तर काकांनी हातातलं काम थांबवलं आणि ते परत येईपर्यंत रस्त्यावर बसून राहिले.

गळतीवर लोकांचे उपाय काय असायचे? कोणी साबण चोळायचं, कोणी सायकलची ट्यूब गुंडाळायचं, आणि बहुतेक जण नळीवरची लोखंडी पट्टी, म्हणजे क्लॅम्प, अजून आवळायचे. काका त्यावर म्हणायचे, "क्लॅम्प आवळून रबर तरुण होत नाही." हे वाक्य ते कुठेही वापरायचे. मंत्रिमंडळ बदललं तरी, कोणाच्या साठीच्या सोहळ्यात केस रंगवलेले पाहुणे दिसले तरी. माझ्या नवऱ्याने पोट कमी करायला पट्टा आवळला तेव्हा तर काकांनी जिन्यातच ते ऐकवलं.

नवऱ्याला ते 'मानेसरकर' म्हणायचे, कारण तो गुडगावच्या पलीकडे मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होता. कंपनीची बस उजाडायच्या आधी नाक्यावरून उचलायची आणि संध्याकाळी उशिरा तिथेच टाकायची. टाकायची हाच शब्द बरोबर आहे. तो घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मी एका सरकारी प्रयोगशाळेच्या कचेरीत होते. साहेबांकडून विकत घेतलेली एक जुनी गाडी घेऊन मी कामावर जायचे, मथुरा रोडच्या ट्रकांच्या मधून रोज जीव मुठीत धरून. आमच्या लग्नाची ती वर्षं मला आठवतात ती अशी, की आम्ही दोघं सतत कुठून तरी परत येत होतो.

काकूंबद्दल आता सांगायला हवं. काकू दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. फरीदाबादहून शटल रेल्वेगाडी पकडून जन्मभर तिकडे जात राहिल्या आणि काकांच्या पाठोपाठ त्याही निवृत्त झाल्या. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात ही दोघं आणि काकांचं नाक. नाकाला जपायचं म्हणून त्या घरात उदबत्ती नव्हती, कापूर नव्हता, कपाटात डांबरगोळ्या नव्हत्या. देवापुढे नुसता तुपाचा दिवा. "लग्नात घातला तो शेवटचा गजरा," असं काकू एकदा मला म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, भाजी निवडता निवडता. ज्या बाईला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं, पंपावर जी पदर नाकाला लावून बसायची, तिच्या खिडकीच्या गजांवर कापलेल्या नळ्या वाळत घातलेल्या असायच्या. मला काकांचा कधी कधी फार राग यायचा.

एका संध्याकाळी मी जिना चढत असताना खालच्या घरातून उदबत्तीचा वास आला. मी थबकले. दार लोटलेलंच होतं. आत डोकावले तर देवापुढे मोगऱ्याची उदबत्ती जळत होती, धूर सरळ वर जात होता आणि तिथून हाताच्या अंतरावर काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. काकूंनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"गेलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "परवा दूध करपलं, हे शेजारी उभे. मला म्हणाले, दूध दे. म्हणून आज लावून बघितली."

"काकांना सांगणार?"

"त्यांना कळलं असेल तर मी कशाला सांगू? आणि नसेल कळलं, तर तरी कशाला सांगू?"

त्यांनी आत जाऊन उदबत्ती विझवली. इतक्या वर्षांनी लावली होती, पूर्ण जळू तरी द्यायची होती, असं मला वाटलं. पण त्यांनी राखसुद्धा बोटाने टिपून घेतली.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे झारी घेऊन गच्चीत आले आणि नेहमीसारखे रस्त्यावर निघाले. गाडीपाशी थांबले, वाकले, श्वास घेतला, पुढे गेले. कुठेच काही सापडलं नाही. पुढच्या दिवशीही नाही. कॉलनीतल्या सगळ्या गाड्या एकाएकी धडधाकट झाल्या होत्या. लोकांचा मात्र त्यांच्यावर विश्वास. "अंकल ने देख ली है" म्हटलं की विषय संपला. भीती वाटावी अशीच गोष्ट होती ही. पेट्रोल म्हणजे काही नळाचं पाणी नव्हे.

काकूंनी मला गळ घातली. "तू कामाला निघतेस ना, तेव्हा जाता जाता एकदा बघत जा." म्हणजे काका घरी परतले की मागून मी. स्वयंपाक, डबा, साडी, पर्स, आणि त्यात हे. इस्त्रीची साडी सावरत मी एकेका झाकणापाशी वाकायचे. सरदारजींच्या बायकोने वरून विचारलं, "तुस्सी वी?" म्हणजे तुम्हीसुद्धा? मी म्हटलं, "बस ऐसे ही, भाभीजी." त्या घराची हवाच तशी आहे, असं कॉलनीचं मत झालं असणार. एकदा सरदारजींच्याच गाडीला खरंच वास आला. मी काकूंना सांगितलं, काकू काकांना म्हणाल्या, "अहो, सरदारजी तुम्हाला विचारत होते." काका गेले, बोटांनी चाचपलं, ओलं लागलं, आणि पोतं घेऊन आडवे झाले. त्या दिवशी रात्री जेवताना ते मोठमोठ्याने बोलत होते. वरपर्यंत ऐकू येत होतं.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. मी दमले होते. पण आमचीच गाडी मध्ये आली.

हिवाळ्यात आमच्या गाडीला वास येऊ लागला. मी सांगण्याआधी गाडीखालचा ओला डाग काकांना दिसला. रविवारभर ते रस्त्यावर होते. जुनी नळी सोलली, मला तिचं पोट दाखवलं, मान घासून गंज काढला, रंगाचा हात दिला, नवी नळी बसवली. पाने-पक्कड धुऊन ठेवताना म्हणाले, "आता टाकी फुल करायची. अर्ध्या टाकीवर कुठलीच गाडी खरं बोलत नाही."

मग झाकणापाशी वाकून त्यांनी लांब श्वास घेतला. "खडखडीत. मानेसरकर, येत्या रविवारी हीच गाडी काढायची."

येत्या रविवारी काकूंच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि तिथे जुने विद्यार्थी काकूंचा सत्कार करणार होते. काकूंनी ठेवणीतलं निळं रेशमी पातळ काढलं होतं. दोन-तीन दिवस आधीपासून त्या भाषणाचं पाठांतर करत होत्या. वर्गात जन्मभर बोललेली बाई, पण सत्कारात काय बोलायचं याने तिची झोप उडाली होती. मला उभं करून म्हणाल्या, "ऐक, फार लांब होतंय का?" ऐकताना मला जाणवलं की या बाईविषयी आजवर कोणी काही चांगलं बोललंच नसावं, निदान तिच्या तोंडावर तरी.

सकाळी पंपावर टाकी फुल केली आणि निघालो. नवरा गाडी चालवत होता, शेजारी काका, मागे काकू आणि मी. बाहेर दाट धुकं, हाडं गोठवणारी थंडी. दिल्लीच्या हद्दीवरच्या बदरपूरच्या अलीकडेच मला पहिली झुळूक आली. पेट्रोल. मी काकूंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. आरशात नवऱ्याचे डोळे दिसले, त्यालाही आला होता. प्रत्येक वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळायचं आणि वास वाढायचा. नवऱ्याने गुपचूप आपली काच खाली केली. मी माझी केली. काकूंनी त्यांची केली. धुकं आत येऊ लागलं.

"अहो, खिडक्या काय उघडताय? मरायचंय का थंडीने?" काका म्हणाले.

"मला गरगरतंय," काकू म्हणाल्या.

"पण वास नाही ना? बघा, फुल टाकी आहे. सांगा, वास येतोय?"

कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. नवरा गिअर बदलण्यात गर्क झाला. मी दात दातावर आपटू नयेत म्हणून ओठ दाबून बसले होते. काकू म्हणाल्या, "नाही हो. अजिबात नाही."

चार शहाणीसुरती माणसं अशी पेट्रोलच्या वासात, कुडकुडत, एकमेकांचं मन राखत दिल्लीतल्या आश्रम चौकापर्यंत गेलो. आता विचार केला की अंगावर काटा येतो. एखादी ठिणगी पुरे होती. पण तेव्हा त्या माणसाला तोंडावर "वास येतोय" म्हणणं हे आम्हा तिघांनाही जळून जाण्यापेक्षा कठीण वाटत होतं.

सिग्नलला एक स्कूटरवाला बाजूला येऊन थांबला. त्याने नाक मुरडलं, खाली वाकून बघितलं आणि काकांची बंद काच ठोठावली. "ओ अंकल, पेट्रोल टपक रहा है आपका. मरवाओगे क्या? बू नहीं आ रही?"

सिग्नल सुटला, तो निघून गेला. "बाजूला घे," काका नवऱ्याला म्हणाले. गाडी थांबताच त्यांनी आम्हाला उतरवून लांब उभं केलं, बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली आणि मागच्या चाकापाशी रस्त्यावरच गुडघे टेकले. नळी कोरडी होती. नळीच्या वर, नव्या रंगाखाली, गंजाने मानेला सुईएवढं भोक पाडलं होतं आणि तिथून थेंब थेंब चाकावर पडत होता. काकांनी बोट लावलं. बोट ओलं झालं. ते त्यांनी नाकाशी नेलं, अगदी नाकाला टेकवलं, आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग बोट स्वेटरला पुसून ते फुटपाथच्या कडेला बसले.

जन्मभर मुलांना 'रांगेत उभे राहा' म्हणणाऱ्या काकू निळ्या पातळासकट त्यांच्या शेजारी धुळीत बसल्या. मी आणि नवरा दोन पावलांवर उभे. येणाऱ्या-जाणाऱ्याने बिडी पेटवू नये म्हणून नवरा गाडीला पाठ देऊन पहारा करत होता.

"तुला येत होता?" काकांनी विचारलं.

"हो."

"कुठपासून?"

"बदरपूर."

काकांनी बोट पुन्हा स्वेटरला पुसलं. मग म्हणाले, "आणि मला कधीपासून येत नाही?"

"दिवाळीच्या आधीपासून," काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. "मला वाटलं, सर्दी आहे. नंतर वाटलं, गाड्या सुधारल्या." थोड्या वेळाने म्हणाले, "तू जा. ही तुला रिक्षाने घेऊन जाईल. तुझा सत्कार आहे."

"नाही जात."

"अगं, भाषण पाठ केलंस."

"विसरले," असं म्हणून काकूंनी पदर डोक्यावरून घेतला, थंडीसाठी. मी त्यांना खूप समजावलं. त्या उठल्या नाहीत. शाल आणि नारळ नंतर कोणीतरी घरी आणून दिला. ते भाषण मी एकटीने ऐकलं होतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, शिवाय जन्मभर पेट्रोल हुंगलंय, आता काही करण्यासारखं नाही. काकांनी झारी माळ्यावर टाकली. सकाळची फेरी बंद. लोक बेल वाजवून विचारायचे, "अंकल, ज़रा देख लो," तर ते आतूनच सांगायचे, "आज तबीयत ठीक नहीं." त्यांनी आमच्या गाडीची मान बदलून घ्यायला लावली, दुसऱ्या मेकॅनिककडून. स्वतः बघायलाही आले नाहीत. दिवसभर खुर्चीत बसायचे. पेपर हातात, पण पान उलटायचे नाहीत. काकू आता खुशाल उदबत्ती लावू शकल्या असत्या. त्यांनी लावली नाही.

मला वाटलं होतं, हा माणूस आता संपला. कारखान्याने एकदा संपवलं होतं तेव्हा नाक तरी उरलं होतं.

मग उन्हाळा लागता लागता एका सकाळी मी गच्चीतून पाहिलं. काकू एकट्या रस्त्यावर उतरल्या होत्या. सरदारजींच्या गाडीपाशी गेल्या, इकडे तिकडे पाहिलं, नाकावरचा पदर बाजूला केला आणि झाकणापाशी वाकल्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. ओकारी येते की काय असं वाटलं. सावरून त्या घराकडे वळल्या आणि वर्गात ओरडायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "अहो, येतोय. खाली या."

काही झालं नाही. काकूंनी पुन्हा हाक मारली. "नळीचा की मानेचा, ते मला कळत नाही. तुम्ही या."

काका बनियनवरच बाहेर आले.

तेव्हापासून सकाळी दोघं निघू लागली. पुढे काकू, मागे हात बांधून काका. काकू वाकायच्या आणि "आहे" किंवा "नाही" म्हणायच्या. आधी आधी त्यांना इंजिन ऑइल, पेट्रोल आणि गटार यांतला फरक कळत नसे. काका वैतागून म्हणायचे, "अगं, पेट्रोल गोडसर येतं." काकू म्हणायच्या, "माझ्या नाकाला शिकवू नका. माझं नाक नवीन आहे." घरी परतल्यावर त्या बराच वेळ लिंबू हुंगत बसायच्या. मळमळ काही त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

आम्ही तिथून निघालो ते नवऱ्याच्या बसच्या वेळेपायी. गुडगावच्या पुढे नवे मनोरे उभे राहत होते, तिथे हप्त्यांवर एक फ्लॅट घेतला. सभोवती माती, क्रेन आणि जाहिराती. दमणूक कमी होईल असं वाटलं होतं, ती फक्त जागा बदलून आली. जुनी गाडी जाऊन नवी आली. फरीदाबादलाही तसंच झालं होतं. फोनवर काकू सांगायच्या, सरदारजींनी नवी घेतली, बँकेच्या साहेबांनी घेतली, रस्त्यावर आता एकही गाडी रडत नाही. "मग सकाळी काय करता?" मी विचारलं. "जातो की. पण सगळीकडे नाहीच म्हणावं लागतं."

आमचं घर बघायला म्हणून ती दोघं एकदाच आली. काकांच्या हातात काठी आली होती, काकूंचे गुडघे गेले होते. काकांनी दहाव्या मजल्यावरून खाली बघितलं, रांगेने उभ्या असलेल्या सगळ्या नव्या गाड्या बघितल्या आणि आत येऊन बसले. जेवताना नवऱ्याने मुद्दाम विचारलं, "काका, क्लॅम्पचं काय ते?" तर म्हणाले, "जाऊ दे रे. आता सगळं प्लास्टिकचं असतं."

निघताना आम्ही त्यांना सोडायला खाली आलो. आमची गाडी उन्हात उभी होती, अजून सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. नवरा दार उघडणार, तेवढ्यात काकू थांबल्या. एक हात गाडीला टेकून, कण्हत, त्या पेट्रोलच्या झाकणापाशी वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "थोडासा येतोय."

मीही वाकले. काहीही येत नव्हतं. तापलेल्या रंगाचा आणि नव्या प्लास्टिकचा वास तेवढा होता. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

काकांनी काठी माझ्या हातात दिली. नवऱ्याला झाकण उघडायला लावलं. वाकून, झाकणाच्या कडेने, खाली मानेच्या तोंडाशी त्यांनी सावकाश बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. मी अगदी जवळ उभी होते. बोट कोरडं होतं. त्यांनी ते अंगठ्यावर घासलं, एकदा काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, वाकून वाकून लाल झालेल्या.

"आहे," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. मानेसरकर, एक स्वच्छ फडकं आणा."

मग त्यांनी झाकणाची रबरी रिंग काढली, पुसली, उजेडात धरून आतून-बाहेरून बघितली, पुन्हा बसवली आणि झाकण घट्ट लावलं. त्याला बराच वेळ लागला. आम्ही कोणी घाई केली नाही.

"आता बघ," काका म्हणाले.

काकू गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा वाकल्या आणि डोळे मिटून त्यांनी चांगला लांब श्वास घेतला.

"गेला," त्या म्हणाल्या.